टेक्सासहून पुण्यात परतताना: शाळेआधी इयत्ता ठरवा

प्रश्न असा आहे. येत्या जूनमध्ये टेक्सासहून पुण्याला कायमचं परतायचं आहे. मुलगी तेरा वर्षांची, मे अखेरीस तिची आठवी संपेल. मुलगा दहाचा, पाचवीत. आई-वडिलांचे पासपोर्ट भारतीय, मुलांचे अमेरिकन आणि सोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते): मुलीचं २०१४चं, मुलाचं २०२२चं. मुलगी घरात मराठी बोलते, पण वाचताना जोडाक्षराला अडखळते. तिला डॉक्टर व्हायचंय. दीर सीबीएसई म्हणतात, ऑफिसमधल्या मैत्रिणीने मुलांना आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात घातलंय, आणि सासूबाईंचं म्हणणं, घराजवळच्या शाळेत घाला, चालत जातील. शिवाय एक पर्याय असाही की मुलीची दहावी तिकडेच होऊ द्यावी आणि दोन वर्षांनी निघावं.

मी पुण्यात माध्यमिक शाळेत आधी शिकवलं, मग मुख्याध्यापिका म्हणून प्रवेश पाहिले, आणि निवृत्तीनंतर परतणाऱ्या कुटुंबांनाच सल्ला देते. सगळ्यांची सुरुवात शाळांच्या यादीपासून होते: रँकिंग, फोटो, स्विमिंग पूल. तुम्हीही नऊ शाळांची नावं पाठवलीत. ती यादी सध्या बाजूला ठेवा. माध्यमिकच्या वयात मूल कोणत्या इयत्तेत येऊन पडतं आणि बारावीनंतर कुठल्या दारातून बाहेर जाणार आहे, या दोन गोष्टी शाळेच्या नावापेक्षा जास्त ठरवतात.

म्हणून आधी इयत्ता. याच जूनला या, दोन वर्षं थांबू नका.

आपल्याकडे नववी-दहावी हा जोडकार्यक्रम आहे. सीबीएसई नववीतच विद्यार्थ्याची नोंदणी करते आणि दहावीची परीक्षा त्या नोंदणीवर देता येते. थेट दहावीत बाहेरून प्रवेश हा अपवाद असतो, त्याला कारण आणि मंडळाची परवानगी लागते. बारावीचंही तसंच, नोंदणी अकरावीत. म्हणजे सोयीची दारं दोनच: नववीच्या आरंभी किंवा अकरावीच्या आरंभी. मधल्या वर्षी आलात तर बहुतेक वेळा मुलाला एक वर्ष मागे बसवा असं सुचवलं जातं, आणि चौदा-पंधराच्या वयात ते मुलांना फार लागतं.

मग अकरावीचं दार का नको? मुलीला मेडिकलला जायचंय म्हणून. महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राज्य कोट्याला, म्हणजे सरकारी महाविद्यालयांतल्या ८५ टक्के जागांना, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असणं ही मूळ अट आहे. दहावी टेक्सासला झाली की तो रस्ता तिथेच अरुंद होतो. दुसरं कारण साधं आहे. अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये गणित एका वर्षी अल्जिब्रा, एका वर्षी जॉमेट्री असं सुटं शिकवतात. विज्ञानही बऱ्याच ठिकाणी वर्षाला एक विषय. इथे नववीपासून भौतिक, रसायन, जीव तिन्ही एकदम चालतात. अकरावीत येणाऱ्या मुलाला ही दरी ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीच्या दोन वर्षांतच भरून काढावी लागते. नववीत ती भरायला निवांत वेळ असतो.

वर्ष मोजताना देशागणिक घोळ होतो, तोही सांगते. अमेरिकेची ग्रेड आणि आपली इयत्ता सरळ जुळते. ब्रिटिश पद्धतीत एक आकडा पुढे असतो, तिथलं यीअर १० म्हणजे आपली नववी. ऑस्ट्रेलिया, सिंगापूरची वर्षं जानेवारीत सुरू होतात, त्यामुळे तिथून येणाऱ्यांना अर्धं वर्ष पुढे किंवा मागे व्हावंच लागतं. तुमचं नशीब चांगलं. टेक्सासच्या शाळा मे अखेरीस सुटतात, राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर भरतात. सीबीएसईचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं खरं, पण इथल्या बहुतेक शाळा एप्रिलमध्ये काही आठवडे शिकवून मे महिन्याची सुटी देतात आणि जूनमध्ये पुन्हा उघडतात. मुलीचे बुडतील ते गणित-विज्ञानाचे दोन-तीन धडे.

आता बारावीनंतरचं दार. इथे तुमच्या दोन मुलांची उत्तरं वेगळी आहेत, आणि हा मुद्दा शाळेच्या ऑफिसमध्ये तुम्हाला कुणी सांगणार नाही.

४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने ओसीआयधारकांबद्दल अधिसूचना काढली. नीट, जेईई (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) देता येईल, पण प्रवेश फक्त एनआरआय म्हणजे अनिवासी भारतीयांच्या किंवा अधिसंख्य म्हणजे ठरलेल्या संख्येवर वाढवलेल्या जागांवर; केवळ भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागांवर नाही. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये निकाल दिला की ही अधिसूचना पुढच्या काळाला लागू, ४ मार्च २०२१ च्या आधी कार्ड मिळालेल्यांचे पूर्वीचे हक्क राहतील. तुमच्या मुलीचं कार्ड २०१४चं, ती आधीच्या गटात. मुलाचं २०२२चं, तो नंतरच्या. एकाच घरात, एकाच ताटात जेवणारी भावंडं आणि नियम दोन! मुलीचं पहिलं कार्ड जपून ठेवा. पासपोर्ट बदलल्यावर कार्ड नव्याने काढलं असेल तर मूळ तारखेचा पुरावा शोधून ठेवा, प्रवेशाच्या वेळी वाद त्याच कागदावर होतो. राज्य कोट्यात अधिवास आणि नागरिकत्वाच्याही अटी असतात. त्या ओसीआय मुलांना कशा लावल्या जातात ते त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघायचं, ओळखीतल्या कुणाच्या मुलाला प्रवेश मिळाला यावर जायचं नाही.

मुलाला भारतीय नागरिकत्व घेऊन टाकू का, असं काही पालक मला विचारतात. भारतीय आई-वडिलांच्या अल्पवयीन मुलाला नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दहा वर्षांच्या मुलाचा पासपोर्ट एका कॉलेजच्या जागेसाठी बदलणं मला पटत नाही. तरी करायचंच असेल तर दोन्ही देशांचं जाणणाऱ्या वकिलाकडे जा.

या सगळ्यावरून मंडळ ठरवू. मुलीसाठी सीबीएसई किंवा राज्य मंडळ. नीट मुख्यतः एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पाठ्यपुस्तकांच्या अंगाने जाते, आणि सीबीएसईत तीच पुस्तकं हातात असतात. राज्य मंडळाचं मूल मागे पडतं असं मात्र नाही. आजही खूप मुलं त्यातूनच मेडिकलला जातात. फरक वेगळा आहे. राज्य मंडळात बहुतेक ठिकाणी दहावीनंतर शाळा सुटते आणि अकरावीला कनिष्ठ महाविद्यालय बघावं लागतं, तेही केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून. नव्या देशात दोन वर्षांत रुजलेलं मूल पुन्हा उपटायचं का? म्हणून माझा कल तुमच्या मुलीसाठी बारावीपर्यंत असलेल्या सीबीएसई शाळेकडे. आयसीएसईत इंग्रजी फार छान होतं, पण विषयांचा आणि पेपरांचा पसारा मोठा. नववीत बाहेरून येणाऱ्याला तो झेपवताना दमछाक होते.

आयबी तिच्यासाठी नको. आयबी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ संघाची मान्यता आहे, भौतिक-रसायन-जीव-इंग्रजी घेऊन नीट देताही येते. पण तो अभ्यासक्रम प्रकल्प, निबंध, सादरीकरणं यांत मुलाचा पूर्ण वेळ मागतो आणि नीट वेगळाच पूर्ण वेळ मागते. दोन्ही सांभाळणारी मुलं मी पाहिली आहेत, मोजकी. शिवाय मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैत लागतो आणि इथल्या प्रवेशाची कागदपत्रांची धावपळ त्याच सुमारास असते.

मुलासाठी मात्र आयबी किंवा केंब्रिज (ब्रिटिश धर्तीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) हा खरा पर्याय आहे. इथे त्याला एनआरआय जागा, म्हणजे भरमसाट फी. अमेरिकेत तो नागरिक म्हणून सरकारी आर्थिक मदतीला पात्र. राज्य विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशांना असलेली कमी फी मात्र कुटुंब तिथे राहत नसेल तर साधारणपणे मिळत नाही, ते गणितात धरा. अमेरिकन कॉलेजं सीबीएसईच्या मुलांनाही घेतातच. त्यांना नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण आणि शाळेतल्या समुपदेशकाचं पत्र लागतं. तेव्हा मुलगा सीबीएसईत गेला तरी दार बंद होत नाही, फक्त असं पत्र आणि गुणांचे प्रतिलेख (ट्रान्सक्रिप्ट) देण्याची सवय त्या शाळेला आहे का हे विचारून घ्यायचं. तो सहावीत येतोय. आठवीपर्यंत बघा, मग ठरवा. त्याच्याबाबतीत घाई करू नका, इतकंच म्हणेन.

भाषेचा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलात. मुलीच्या पहिल्या वर्षाची सगळ्यात मोठी डोकेदुखी तीच असणार आहे.

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्याने पहिली ते दहावी सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने ती वर सरकत गेली. मूल्यमापनाबाबत मध्यंतरी सवलती आल्या नि गेल्या. त्यामुळे ‘नववीत परदेशातून आलेल्या मुलीला मराठी कोणत्या पातळीची, आणि गुण की श्रेणी’ असं नेमकं विचारा, तेही लेखी, ईमेलवर. तोंडी उत्तर नेहमी ‘काही काळजी करू नका’ असंच असतं.

दुसरी गोष्ट, सीबीएसईत दहावीला इंग्रजीबरोबर आणखी एक भाषा हवी. मंडळाच्या यादीत मराठी आहे, हिंदी, संस्कृत, फ्रेंच, जर्मन आहेत. पण शाळा त्यांतल्या दोन-तीनच शिकवते आणि ती भाषा वर्गातली मुलं पाचवी-सहावीपासून शिकत आलेली असतात. ‘फ्रेंच घ्या, सोपं पडेल’ असं सांगतील. तुमच्या मुलीने टेक्सासमध्ये स्पॅनिश घेतलंय, फ्रेंच नाही. संस्कृतात गुण मिळतात हे खरं, पण जिला जोडाक्षर वाचायला वेळ लागतो तिला ते सांगण्यात अर्थ नाही. माझ्या मते तिची भाषा मराठीच हवी. कानाला आहे, तोंडात आहे, फक्त हाताला यायची आहे. सक्तीची मराठीही त्यातच उरकते, म्हणून मराठी ही परीक्षेची भाषा म्हणून देणारी सीबीएसई शाळा शोधा. पुण्यात अशा शाळा आहेत, यादीत वर दिसत नाहीत इतकंच.

आजपासून जूनपर्यंत रोज अर्धा तास. बालभारतीची पाचवी-सहावीची मराठीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. आजीने फोनवर एक परिच्छेद सांगायचा, मुलीने वहीत उतरवायचा, फोटो पाठवायचा. ‘त्र’ आणि ‘ञ’, रफार कुठे आणि रकार कुठे, ‘कि’ आणि ‘की’ एवढं बसलं तरी नववीत मान खाली जात नाही. सासूबाईंना हे काम द्या, शाळेच्या निवडीपेक्षा यात त्यांचा उपयोग जास्त होईल.

हाताने लिहिण्याचं आणखी एक. परदेशातून आलेल्या मुलांचे पहिल्या सहामाहीत गुण पडतात ते विषय येत नाही म्हणून क्वचितच. नववीचा एक मुलगा, गणितात तरबेज. त्रिकोणाच्या एकरूपतेचं चार गुणांचं उदाहरण होतं. त्याने आकृतीवर दोन खुणा केल्या, खाली एका ओळीत उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर. गुण एक. इथे पक्ष, साध्य, रचना, सिद्धता अशी मांडणी लागते, प्रत्येक पायरीसमोर कंसात कारण लागतं, आणि पायरीला गुण असतात. वडील वही घेऊन तावातावाने माझ्याकडे आले होते. मी त्यांना गुणदानाची तक्ती दाखवली आणि मुलाला पुढच्या बाकावरच्या मुलीची वही दाखवली; महिनाभरात मांडणी जमली. तुमच्या मुलीला सीबीएसईचा नववीचा एखादा जुना पेपर छापून द्या. तीन तास, निळं पेन, कॅल्क्युलेटर नाही. दुसऱ्या तासाला हात दुखतो की नाही बघा. दहावीला गणितात स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पर्याय असतात, त्याचा विचार आता नको.

शाळा बघायची वेळ येईल तेव्हा पहिली तपासणी कागदाची. ‘इंटरनॅशनल’ हा शब्द पाटीवर कुणीही लिहू शकतं; आत राज्य मंडळ असतं, सीबीएसई असते, कधी ‘सीबीएसई पॅटर्न’ असतो, म्हणजे पुस्तकं त्यांची आणि संलग्नता नाहीच. सीबीएसईच्या संकेतस्थळावर शाळेचा संलग्नता क्रमांक टाकून बघा आणि संलग्नता कितवीपर्यंत आहे ते वाचा. काहींची आठवीपर्यंतच असते, वरचे वर्ग ‘प्रस्ताव पाठवलाय’ या आशेवर चालतात. नववीतल्या मुलीला तसल्या शाळेत घालणं म्हणजे तिची दहावी दुसऱ्याच्या भरवशावर टाकणं. मग विचारा की परदेशी शाळेतून थेट नववीत आलेलं मूल यापूर्वी घेतलंय का, आणि आधीच्या शिक्षणाच्या समकक्षतेचं काम कोण बघतं. ते शाळेमार्फतच होतं. कारकुनाला माहीत असलं की पंधरा दिवसांत सुटतं, नसलं की तुम्ही शाळा आणि मंडळाचं कार्यालय यांच्यात फेऱ्या मारता.

प्रत्यक्ष भेटीत सभागृह आणि रोबोटिक्सची खोली दाखवतील, बघा, आनंद घ्या. मग नववीच्या एखाद्या मुलाची विज्ञानाची तपासलेली वही मागा. नुसत्या बरोबरच्या खुणा आहेत, की ‘आकृतीला नावं दे’, ‘एकक लिही’ असं काही लाल शाईत आहे? मुलाने ते दुरुस्त केलंय का? गेल्या दोन वर्षांत नववी-दहावीला गणिताचे शिक्षक किती बदलले, हेही विचारा. शक्य झालं तर शाळा सुटताना दहा मिनिटं फाटकाबाहेर उभ्या राहा. मुलं एकमेकांशी कोणत्या भाषेत आणि कशा सुरात बोलतात, ते तुमच्या मुलीला रोज ऐकायचंय.

अकरावी-बारावीबद्दल बोलताना कुणी म्हणालं, ‘हजेरीचं आम्ही बघतो, मूल क्लासला जाऊ दे’, तर उठा. याला डमी शाळा म्हणतात. सीबीएसईची ७५ टक्के हजेरीची अट आहे आणि मार्च २०२४ मध्ये मंडळाने अशा आणि इतर गैरप्रकारांवरून वीस शाळांची संलग्नता काढून घेतली. आणि परदेशातून आलेल्या मुलीला शाळेची गरज अभ्यासापेक्षाही ओळखीपाळखीसाठी असते, ती क्लासच्या एसी हॉलमध्ये होत नाही.

अंतर पाऊण तासाच्या आत, गर्दीच्या वेळेचं धरून. फी शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर झालेली असावी लागते, तो तक्ता मागायला लाजू नका. बाकी बस, गणवेश वगैरे सगळीकडे सारखंच.

आता कागद, कारण टेक्सास सोडल्यावर ते मिळवणं जिकिरीचं होतं. आपल्याकडे ज्याला शाळा सोडल्याचा दाखला म्हणतात तसला कागद तिथे नसतो, आणि इथलं ऑफिस तोच मागणार. तिथल्या शाळेकडून लेटरहेडवर पत्र घ्या: मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत शिकली, आठवी उत्तीर्ण, शाळा सोडल्याची तारीख. सोबत शेवटच्या तीन वर्षांचे प्रतिलेख, सही-शिक्क्याचे. जन्मदाखल्यावर ॲपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा सरकारी शिक्का, तिथेच करून घ्या. (हे वाचणारे दुबई किंवा दोह्याचे असतील तर तिथे ॲपोस्टील चालत नाही, तिथल्या मंत्रालयाचा आणि आपल्या वकिलातीचा शिक्का लागतो.) ओसीआय असल्यामुळे शाळेसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. आधार मात्र लगेच मिळणार नाही: परदेशी नागरिकाला, ओसीआय असला तरी, आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावरच अर्ज करता येतो. शाळेच्या संगणकातला रकाना आधारशिवाय पुढे जात नाही असं सांगतील. पासपोर्ट आणि ओसीआयवर नोंद करा आणि आधार आल्यावर भरा, असा लेखी अर्ज देऊन ठेवा.

नाव हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. नववीच्या नोंदणीत जे स्पेलिंग जाईल तेच दहावीच्या गुणपत्रिकेवर, तेच नीटच्या अर्जावर आणि पुढे सगळीकडे. नंतर बदलणं महिनोन्‌महिन्यांचं काम आहे. इथले कारकून सवयीने वडिलांचं नाव मध्ये घालतात. मुलीच्या अमेरिकन पासपोर्टवर मधलं नाव नसेल तर इथेही नको. नोंदणीची छापील तपासणी प्रत शाळा सहीसाठी देते, बहुधा मुलीच्याच हातात. त्या दिवशी पासपोर्ट शेजारी ठेवून, आईच्या आणि वडिलांच्या नावांसकट, एकेक अक्षर जुळवा आणि मगच सही करा.

प्रवेशाची चौकशी आत्ताच ईमेलने सुरू करा. नववीत नव्या तुकड्या निघत नाहीत, जागा रिकाम्या होतात त्या बदल्यांमुळे, आणि त्या मार्च-एप्रिलमध्ये कळतात. म्हणून आज ‘जागा नाही’ म्हणाले तरी नाव प्रतीक्षायादीत ठेवायला सांगा, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारा, आणि सासूबाईंना किंवा दिरांना एकदा प्रत्यक्ष पाठवा. प्रवेश चाचणीत गणित, इंग्रजी आणि बहुधा हिंदी असते. हिंदीच्या जागी मराठीचा पेपर द्या, अशी विनंती आधीच करून ठेवली तर बऱ्याच शाळा ऐकतात.